खाडीकाठची जुनी गाडी आणि तिचे शॉकअप

खाजगी मोटारीची नोंदणी १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर गाडीची योग्यता तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, तरीही हप्ते केव्हाच फिटलेली, सवयीची झालेली गाडी चालू ठेवणे हे अनेक कुटुंबांना नव्या कर्जापेक्षा सोयीचे वाटते. भाईंदर पूर्वेत, स्थानक आणि वसईची खाडी यांच्या मधोमध वसलेल्या जेसल पार्कमध्येही सोसायट्यांच्या आवारात दहा-बारा वर्षे वापरलेल्या छोट्या मोटारी ठिकठिकाणी दिसतात. अशा गाडीचे इंजिन बहुधा शाबूत असते. मोठ्या खर्चाचा पहिला प्रश्न उभा राहतो तो सस्पेन्शनचा, म्हणजे चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आणि रस्त्याचे धक्के मधल्यामध्ये जिरवणाऱ्या यंत्रणेचा. तिचे सुटे भाग घेताना कोणत्या कंपनीचा माल चांगला, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वास्तविक तो सर्वांत शेवटी यायला हवा. नेमका कोणता भाग गेला आहे, त्याच्यासोबत आणखी काय बदलणे भाग आहे, गाडीवर प्रत्यक्षात किती वजन पडते आणि ती अजून किती वर्षे ठेवायची आहे, या चार प्रश्नांची उत्तरे हाती असली, तर कंपनी निवडणे फारसे अवघड राहत नाही.

वजन कोण पेलते, झोका कोण आवरतो

गाडीचे वजन स्प्रिंगवर असते, शॉकअपवर नसते, आणि हा साधा भेद लक्षात न घेतल्यामुळे बरेच खर्च वाया जातात. चाक खड्ड्यात उतरले किंवा गतिरोधकावर चढले की स्प्रिंग दबते, धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. तिला आवरणारे काही नसेल, तर गाडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा या गतीने खालीवर झुलत राहील. तो झोका थांबवण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील शॉकअपचे. त्याच्या नळकांड्यात तेल असते, दांड्याच्या टोकाचा दट्ट्या त्या तेलातून सरकतो, दट्ट्यातील बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेलाला वाट काढावी लागते आणि या विरोधात स्प्रिंगने परत केलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तेल फेसाळले की हा विरोध घटतो, म्हणून आजच्या बहुतेक शॉकअपमध्ये तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवलेला असतो. एकात एक अशा दोन नळ्या असलेल्या ट्विन ट्यूब रचनेत हा दाब कमी असतो; एकाच नळीच्या मोनो ट्यूब रचनेत वायू आणि तेल यांच्यामध्ये सरकता अडसर असतो आणि दाब बराच जास्त असतो. ही दुसरी रचना बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने १९५७ साली मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी आणली. सततच्या वेगवान वापरात ती अधिक एकसारखे काम देते, परंतु तिची किंमत जास्त असते आणि ती बहुधा कडक वाटते, त्यामुळे शहरातील छोट्या गाडीला मूळ रचनेचा शॉकअप पुरेसा ठरतो.

भारतातील बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५०च्या सुमारास फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून रूढ झाली, आणि डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८०० नंतर भारतातही घरोघरी पोचली. त्याउलट मुंबईत टॅक्सी म्हणून दीर्घकाळ धावलेल्या प्रीमियर पद्मिनीत पुढे दुहेरी विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्मची रचना, आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असत. स्ट्रटमध्ये शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच खांब तयार होतो. या खांबाचे वरचे टोक माउंट नावाच्या रबरी बैठकीत बसते आणि स्टिअरिंगबरोबर फिरण्यासाठी तिच्याखाली एक बेअरिंग असते. खालच्या बाजूला चाकाचा आधार लोअर आर्मला जोडलेला असतो. लोअर आर्म सांगाड्याकडच्या बाजूने रबरी बुशांवर झुलतो आणि चाकाकडच्या बाजूने बॉल जॉइंटवर, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या पोलादी गोळ्याच्या सांध्यावर, टेकतो. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई असते, जिची टोके लिंक रॉडने धरलेली असतात. याशिवाय स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धातूवर धातू आदळू नये म्हणून बम्पस्टॉप हा फोमचा किंवा रबराचा ठोकळा, आणि दांड्यावर धूळ-पाणी बसू नये म्हणून रबरी बूट असतो. शॉकअप बदलला, असे म्हणताना यांतील प्रत्यक्षात काय बदलले आणि काय जुनेच राहिले, हे बिलावरून समजायला हवे.

खारी हवा आणि कमी किलोमीटर

सुटे भाग किती किलोमीटर टिकतात याचे ठोकताळे कंपन्यांच्या पुस्तिकांत आणि गॅरेजांत असतात, पण जेसल पार्कच्या गाडीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथील रहिवासी कामाला लोकलने जात असेल, तर त्याची गाडी आठवड्यातील बराच काळ उभी असते. बारा वर्षांत ती साठ हजार किलोमीटरही चालत नाही आणि मालक तिला कमी चाललेली समजतो. रबर मात्र केवळ चालवल्याने झिजत नाही. उष्णता, हवेतील ओझोन आणि गळलेले तेल यांमुळे ते उभ्या गाडीतही कडक होते, त्याला चिरा पडतात आणि धातूच्या बाहीपासून ते सुटू लागते. म्हणून दहा वर्षांपुढील गाडीच्या बुशांचे आणि माउंटचे वय किलोमीटरच्या काट्यावर न मोजता वर्षांत मोजणे योग्य ठरते.

दुसरा भाग क्षारांचा आहे. भाईंदरची मिठागरे प्रसिद्ध आहेत आणि जेसल पार्कची चौपाटी थेट खाडीवर आहे. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईच्या उपनगरांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खारट ओल स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेढ्यात, जिथे ती बशीसारख्या बैठकीवर टेकते, तिथे साचून राहते. त्या जागी रंगाचा थर घासला गेला की गंज धरतो, गंजाचा बारीक खड्डा म्हणजे ताण एकवटण्याची जागा, आणि हजारो वेळा दबून-सुटून तिथूनच तडा जातो. स्प्रिंगचे तुटलेले टोक बैठकीतच अडकून राहिले, तर बाहेरून काहीच दिसत नाही. एका बाजूने किंचित खाली बसलेली गाडी आणि वळताना येणारा खणखणाट एवढीच खूण मिळते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे ठिपके उठले, तर प्रत्येक हालचालीत ते तेलाची सील खरवडतात. म्हणून वरकरणी क्षुल्लक वाटणारा फाटका रबरी बूट खाडीकाठी इतर ठिकाणांपेक्षा अधिक महागात पडतो.

रस्त्यांचे म्हणाल, तर गोल्डन नेस्ट चौकापासून पुढे मेट्रो मार्गिका ९च्या कामाने अनेक वर्षे खोदलेला रस्ता, पेव्हर ब्लॉकच्या गल्ल्या आणि काशिमिऱ्याहून ठाण्याकडे जाताना गायमुखचा घाट ही येथील गाडीची नेहमीची वाट आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत ताशी पंचवीस किलोमीटर वेगासाठी दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा सौम्य कमानीचा गतिरोधक सांगितला आहे. प्रत्यक्षात गल्लीबोळांत त्याच उंचीचे पण हातभर रुंदीचे उंचवटे आढळतात, ज्यांवरून कितीही हळू गेले तरी चाक आधी एकदम वर फेकले जाते आणि मग खाली आपटते. अशा वापरात वेग कमी असला तरी हालचालींची संख्या मोठी असते, आणि तिचा मार सर्वाधिक बसतो तो माउंट, बुश, लिंक रॉड आणि बम्पस्टॉप या स्वस्त भागांना.

आधी निदान, मग दुकान

सस्पेन्शनच्या तक्रारी आवाजावरून सुरू होतात, परंतु आवाजाचा मोठेपणा आणि धोक्याचा मोठेपणा यांचा संबंध असतोच असे नाही. बारीक खडबडीत रस्त्यावर कमी वेगात येणारी टकटक बहुतेक वेळा लिंक रॉडची असते. ती कान किटवते, पण तातडीची नसते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर होऊन ते अडखळत असेल, तर माउंटखालचे बेअरिंग गेलेले असण्याचा संभव असतो. ब्रेक लावताना किंवा गाडी सुरू करताना खालून एकच जड ठोका येत असेल, तर लोअर आर्मचे बुश पाहावेत. टायरच्या पट्ट्यावर ठरावीक अंतराने खळगे पडत असतील, ब्रेक लावताच नाक जास्त झुकत असेल किंवा उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल, तर शॉकअप थकले आहेत असे समजावे. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसट ओलावा आणि धूळ असणे हा दोष नसतो. तेलाचा ओघळ खालपर्यंत आलेला असेल, तर मात्र तो बदलावाच लागतो.

सर्वांत घातक असतो तो कमी आवाज करणारा बॉल जॉइंट, कारण तो निखळला की चाकाचा खालचा आधारच सुटतो. त्याच्याच जोडीला स्टिअरिंगचा सांधा असलेला टाय रॉड एंड येतो. म्हणून पैसे मर्यादित असतील, तर क्रम असा असावा: प्रथम बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, नंतर तुटलेली किंवा खोल गंजलेली स्प्रिंग, मग शॉकअप, त्यानंतर बुश आणि शेवटी लिंक रॉड. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी व्यवस्था, बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या अनेक छोट्या गाड्यांत ती नाही. अशा गाडीत थकलेल्या शॉकअपमुळे चाक रस्त्यावरून क्षणभर उचलले गेले, तर ब्रेकचे अंतर वाढते आणि त्याची भरपाई करणारे दुसरे साधन गाडीत नसते.

स्प्रिंगचा कडकपणा आणि सीएनजीची टाकी

स्प्रिंग निवडताना गाडीवरील वजनाचा प्रश्न निर्णायक ठरतो, आणि मुंबईच्या परिसरात या वजनात सीएनजीची टाकी धरावी लागते. मारुती सुझुकीने २०१० साली कारखान्यातूनच सीएनजी बसवलेली मॉडेल्स आणली आणि वाढीव भार लक्षात घेऊन त्यांचे सस्पेन्शन जुळवले. पेट्रोल गाडीला बाहेरून टाकी बसवून घेतली असेल, तर मात्र मागच्या स्प्रिंगा मूळच्या पेट्रोल गाडीच्याच राहतात. साठ लिटर जलक्षमतेच्या पोलादी टाकीचे वजन एका माणसाच्या वजनाच्या आसपास जाते आणि हा माणूस डिकीतून कधीच उतरत नाही. परिणामी मागची स्प्रिंग कायम अधिक दबलेली असते, चाकाला वर जायला अंतर कमी उरते आणि प्रत्येक उंचवट्यावर बम्पस्टॉप आदळतो.

यावर दुकानातून सुचवला जाणारा सोपा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवणे. त्याने गाडी थोडी उचलली जाते हे खरे, पण बफर जिथे बसतो तेथील वेढ्याची हालचाल अडते, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या घटते, ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो आणि बफरच्या कडेला खारट पाणी साचून रंग घासला जातो. जाड तारेची स्प्रिंग टाकणे हा दुसरा उपाय त्याहून फसवा आहे, कारण गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. तार केवळ दहा टक्के जाड केली, तर बाकी मापे तीच असताना स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते आणि तिला आवरणे मूळ शॉकअपला झेपत नाही. गाडी बुटकी दिसावी म्हणून सहा कार्यक्षम वेढ्यांतील एक कापला, तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो आणि वर चाकाची मोकळी जागाही कमी होते. असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या कक्षेत येऊ शकतात, कारण निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास त्यात मनाई आहे. योग्य मार्ग सरळ आहे: त्याच मॉडेलची कारखान्यातून सीएनजीसह येणारी आवृत्ती असेल, तर तिच्या भाग क्रमांकाची मागची स्प्रिंग आणि शॉकअप घ्यावेत. डिझेल इंजिन जड असल्यामुळे पुढच्या स्प्रिंगांबाबतही हाच नियम लागू पडतो. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या स्प्रिंगा बाहेरून सारख्या दिसल्या, तरी एकमेकींच्या जागी चालतीलच असे नाही. म्हणून दुकानात केवळ गाडीचे नाव आणि साल न सांगता चासिस क्रमांकावरून भाग क्रमांक काढून घ्यावा, आणि पुढच्या स्ट्रटच्या बाबतीत डावा-उजवा भेदही पाहावा.

बाजारातला माल

बाजारात एकाच भागाचे चार प्रकार मिळतात. पहिला, मोटार कंपनीच्या वेष्टनातला अस्सल भाग. दुसरा, जी कंपनी हा भाग मोटार कारखान्याला पुरवते तिनेच स्वतःच्या नावाने किरकोळ बाजारात विकलेला. १९६१ साली स्थापन झालेली, मुंबईत मुलुंडला आणि पुढे चाकण व नाशिक येथे उत्पादन करणारी गेब्रियल इंडिया ही अशा पुरवठादारांतील शॉकअपची ठळक मराठी मुलखातील कंपनी. तिसरा, कारखान्याला पुरवठा न करणाऱ्या पण स्वतःचे नाव आणि हमी देणाऱ्या उत्पादकाचा. चौथा, ज्याला गॅरेजमध्ये लोकल म्हणतात तो बिननावाचा किंवा नामवंत वेष्टनाची नक्कल केलेला माल. पहिल्या दोन प्रकारांत दर्जाचा फरक बहुधा किरकोळ असतो आणि किमतीचा फरक बऱ्याचदा लक्षणीय असतो, म्हणून शॉकअप आणि स्प्रिंगसाठी दुसरा प्रकार किफायतशीर ठरतो. माउंट, बुश आणि बॉल जॉइंट यांच्या बाबतीत मात्र रबराची जात आणि पोलादाची घडण डोळ्यांना दिसत नाही. तिथे पहिल्या दोन प्रकारांच्या खाली उतरू नये. लिंक रॉड तिसऱ्या प्रकारचा घेतला तरी नुकसान मर्यादित राहते, कारण तो निकामी झाल्यास आवाज येतो आणि बदलायला फार मजुरी लागत नाही.

पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा टिकाऊ म्हणून सुचवले जातात. ते टिकतात आणि चाकाची दिशा अधिक घट्ट धरतात, परंतु रस्त्याची थरथर आत येऊ देतात आणि वंगण संपले की कुरकुरतात. पेव्हर ब्लॉकवरून रोज जाणाऱ्या कौटुंबिक गाडीत तो सौदा घाट्याचा असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. तेथून धातूचा नुसता आधार किंवा ब्रॅकेट वाकलेला नाही हे पाहून घेता येईल, पण स्प्रिंगचा शीण आणि रबराचे वय मोजण्याचे साधन ग्राहकाकडे नसल्यामुळे हे भाग जुने घेऊ नयेत. तेल भरून दुरुस्त केलेल्या शॉकअपचेही तसेच, कारण त्याच्या झडपा आणि दांडा जुनाच असतो. मागणी कमी झालेल्या मॉडेलचे भाग उपनगरात न मिळाल्यास ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांच्या बाजारपेठेत शोध घेता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर वस्तू व सेवा कर सरसकट अठरा टक्के झाला, तोपर्यंत अनेक भागांवर तो अठ्ठावीस टक्के होता. त्यामुळे कर वाचवण्यासाठी कच्चे बिल घेण्यात आता पूर्वीइतकाही फायदा उरलेला नाही, आणि पक्क्या बिलाशिवाय हमीचा दावा करता येत नाही.

बसवण्याची रीत

चांगला भाग वाईट रीतीने बसवला, तर तो लवकर जातो. शॉकअप आणि स्प्रिंगा एका आसाच्या दोन्ही बाजूंना एकदम बदलाव्यात, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला भाग असेल, तर ब्रेक लावताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. स्ट्रट एकदा उतरवला की माउंट, बेअरिंग, बम्पस्टॉप आणि बूट बदलण्यासाठी वेगळी मजुरी लागत नाही. हे स्वस्त भाग वाचवून सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करणे हा जुन्या गाडीतला सर्वांत सामान्य अपव्यय आहे. लोअर आर्मचा बॉल जॉइंट ठीक असेल, तर प्रेसने नुसते बुश बदलता येतात. दोन्ही झिजले असतील, तर अख्खा आर्म घेणे परवडते. रबरी बुशाचे नटबोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, कारण चाके लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अकाली फाटतो. शॉकअपचा दांडा फिरू नये म्हणून तो पकडीने धरणेही टाळले पाहिजे, कारण ओरखडा पडलेला दांडा सीलला फाडतो. काम पूर्ण झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घेणे हा ऐच्छिक खर्च मानू नये. स्ट्रट किंवा आर्म उतरला की चाकाचा कोन बदलतो आणि टायरची आतली कड काही महिन्यांत खाल्ली जाते.

गाडी किती काळ ठेवायची, हा चौथा प्रश्न खर्चाची मर्यादा ठरवतो. नोंदणीचे नूतनीकरण नुकतेच झाले असेल किंवा होणार असेल, तर पुढची पाच वर्षे समोर ठेवून दोन्ही बाजूंचे शॉकअप, गरज असल्यास स्प्रिंगा, सर्व रबर आणि बॉल जॉइंट एकाच वेळी, दर्जेदार घेऊन, बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण तेवढ्या मुदतीत मजुरी दोनदा देण्याची वेळ येत नाही. गाडी वर्षभरात विकायची किंवा मोडीत द्यायची असेल, तर सुरक्षिततेशी संबंधित सांधे आणि तुटलेले भाग तेवढे बदलून आवाजाकडे दुर्लक्ष करता येते. दोन्ही परिस्थितींत उद्दिष्ट गाडी मुळापेक्षा कडक, उंच किंवा वेगवान करण्याचे नसते. ती कारखान्यातून निघाली त्या अवस्थेच्या शक्य तितके जवळ आणण्याचे असते. जेसल पार्कमधील गाडीमालकाने महागड्या शॉकअपसाठी ठेवलेल्या पैशांतील काही भाग नव्या रबरावर, अलाइनमेंटवर आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन स्प्रिंगच्या बैठका तपासून घेण्यावर खर्च केला, तर त्याच किमतीत गाडी अधिक सुरक्षितपणे आणि अधिक काळ चालेल.